मधली जागा

दोनदा मला बायको म्हणून नाकारलं. नवऱ्याने नाही, तो जिथे फ्रिज-एसी दुरुस्तीच्या नोकरीला होता, तिथल्या व्हिसावाल्या साहेबांनी. लग्नाचा दाखला होता, त्याच्या मालकाचं पत्र होतं, सगळं जागच्या जागी होतं. तरी दुसऱ्यांदाही उत्तर तेच आलं, की हे दोघं खरंच नवरा-बायको आहेत असं वाटत नाही.

"वाटायला अजून काय करायचं आम्ही?" मी अर्ज भरून देणाऱ्या एजंटला विचारलं. मी फार चिडले की माझा आवाज बारीक होतो. त्याने आमचे फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच बघा. एका तरी फोटोत तुम्ही दोघं शेजारी आहात का?"

नव्हतो. प्रत्येक फोटोत आमच्या मधे सासूबाई होत्या. आमचं रजिस्टर लग्न, फोटो मोजकेच. त्यातही कॅमेरा दिसला की आई पदर सावरत मधे यायच्या, एका हाताने लेकाचा दंड धरायच्या, दुसऱ्याने माझा, आणि हुकूम सोडायच्या, "हं, घ्या आता." नवरा लहान असतानाच सासरे गेले. तेव्हापासून त्या घरात मधे उभं राहायचं काम त्यांचंच होतं, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा परत कामावर गेला. दोघांचाच फोटो काढायचं आम्हाला सुचलंही नाही.

"आईला हे कारण कळू देऊ नकोस," तो फोनवर म्हणाला. एरवी आमचं कशावर एकमत होत नसे, यावर झालं.

पर्यटक म्हणून जाऊन या आणि चांगले भरपूर फोटो काढून आणा, हे एजंटनेच सुचवलं. आणि बायको म्हणून नको असलेली मी पाहुणी म्हणून त्यांना चालले.

त्याची खोली लांबट होती. दोन खाटा, खिडकीत स्क्रू आणि वॉशरच्या बरण्या. दुसरी खाट लिफ्टवाल्याची. हा लिफ्ट दुरुस्त करायचा, आमच्याच भाषेचा, आणि माझ्यासाठी बिचारा मित्राकडे झोपायला गेला होता. फोटो काढायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पिशवीत ड्रेस भरून बागेत गेलो. वेगवेगळ्या दिवसांचे फोटो वाटावेत म्हणून मी शेजारच्या दुकानाच्या बाथरूममध्ये जाऊन दर थोड्या वेळाने कपडे बदलून यायची. नवऱ्याने मात्र एकच शर्ट आणला होता. शेवटी लिफ्टवाल्याने अंगातला काढून दिला; त्यात नवरा दोनदा मावला असता.

"वहिनी, जवळ. अजून जवळ. भांडण झालंय का?" लिफ्टवाला ओरडत होता.

आम्हाला जमेचना. मधलं माणूस नसताना हात कुठे ठेवायचे, तेच दोघांना कळत नव्हतं.

आज ते दिवस आठवतात तेव्हा बाग आठवत नाही. संध्याकाळी जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज यायचा, तो आठवतो. तो हाताचं तेलकट काळं घासत बसायचा आणि मी पाणी ओतायची. मग एका खाटेवर बसून, दुसरीवर पाय टाकून, आम्ही एकाच कपातून चहा प्यायचो, कारण दुसऱ्या कपात त्याने खिळे ठेवले होते. आईंसमोर मी त्याला अहो म्हणायची. तिथे पहिल्यांदा मोठ्याने अरे म्हटलं, तर दोघंही लाजलो. तसं सुख मला पुढे स्वतःच्या घरात, सहा कपांच्या सेटमध्येही मिळालं नाही.

आईंचा रोज फोन यायचा. एकदा म्हणाल्या, "एखादा फोटो तरी पाठवा रे." त्याने त्यातल्या त्यात बरा पाठवला. तो बघून त्या म्हणाल्या, "एवढं चिकटून का बसलात? फार थंडी आहे का तिकडे?"

"हो, आहे थोडी," नवरा म्हणाला. बाहेर घाम निघत होता.

तिसरा अर्ज त्या फोटोंवर मंजूर झाला. नवरा मला न्यायला आला. सामान टॅक्सीत चढलं, दारात उभं राहून एक फोटो काढू म्हणून त्याने ड्रायव्हरच्या हातात मोबाइल दिला. आम्ही सवयीने दोन बाजूंना झालो. आई मात्र मधे आल्याच नाहीत. चौकटीला टेकून माझ्या पलीकडे, अगदी कडेला उभ्या राहिल्या.

"आई, मधे या ना," मी म्हटलं.

"नको. तुम्ही जवळ उभे राहा," त्या म्हणाल्या. "त्या लोकांना तसंच लागतं ना?"

त्यांना कोणी सांगितलं, कधी कळलं, ते विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. टॅक्सी वळली तेव्हा मी तोंड खिडकीकडे करून रडले.

फोटो मी विमानात बसल्यावर पाहिला. आम्ही जवळ सरकलोच नव्हतो. दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा तशीच राहिली होती.

मागच्या वर्षी आई गेल्या. बागेतले फोटो कुठल्या डब्यात आहेत देव जाणे, हा मात्र आम्ही भिंतीवर लावला. परवा लिफ्टवाला जेवायला आला होता. हात धुऊन फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काय वहिनी, इथेही लांबच? मधे आणखी एक जण बसेल."

नवरा पाण्याचे पेले भरत होता.

"आईची जागा आहे ती," तो म्हणाला, आणि त्याला ताटावर बसवलं.