फरशीवरचा कीबोर्ड

"अक्षरावर पाय द्यायला शिकवू नकोस गं लेकरांना," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी बीएस्सी झालेली. हसून सोडून दिलं.

आमच्या जळकोटकडच्या शाळेत कॉम्प्युटर एक आणि तिसरीची पोरं बत्तीस. मी तिथं हौसेनं शिकवते. सगळ्यांना सराव मिळावा म्हणून वर्गाच्या दाराबाहेर, अख्ख्या फरशीवर खडूनं भलामोठा कीबोर्ड काढला. आपलं नाव आपण उड्या मारत लिहायचं. पोरं खूश! पण माझी मंजुषा पडली आजीची नात. प्रत्येक उडीनंतर ती खाली वाकायची, अक्षराला हात लावायची, डोळे मिटून कपाळाला न्यायची. तिचं बघून सगळीच तसं करू लागली. म्हटलं, जाईल सवय.

पंधरा दिवसांनी लातूरहून हणमंतराव साहेब तपासणीला आले. एका मुलाला मिनिटात स्वतःचं नाव लिहिता आलं तर कॉम्प्युटर राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाणार. त्यांनी बोट दाखवलं नेमकं मंजुषाकडं.

तिनं कॉम्प्युटरवर शोधून एम दाबला. डोळे मिटले, हात कपाळाला. मग ए. पुन्हा हात कपाळाला.

"हे काय करून राहिली ही?" साहेबांनी विचारलं.

"पाया पडून राहिली," शेजारचा रुद्रेश म्हणाला.

"अरे, पण आता तर बोटानं दाबतेय!"

"काल त्याच अक्षरावर पाय दिलता न्हवं, सर."

सहा अक्षरं झाली आणि मिनिट संपलं. "हिला येत नाही," म्हणत साहेबांनी वहीत लिहिलं.

साहेब तरातरा दाराबाहेर पडले ते थेट कीबोर्डवर.

"सर, पाया पडा!" बत्तीस पोरं एकदम ओरडली.

बिचारे दचकून वाकले. पुढचं पाऊल टाकलं तर पुन्हा आरडाओरडा.

"कुठंबी पाय द्यायचा न्हाई," रुद्रेश म्हणाला. "नाव लिवा, मगच जावा."

साहेबांनाही चेव चढला. बूट काढून त्यांनी एच शोधला. उडी, नमस्कार. उडी, नमस्कार. दहा अक्षरांचं नाव!

"मिनिट झालं," घड्याळाकडं बघत मंजुषा म्हणाली. साहेब अजून पाचव्या अक्षरावर. "सर, तुम्हाला येत न्हाई का?"

साहेबांनी घाम पुसला. मग वही उघडून आधीचं खोडलं. "येतं गं बाई, तुलाही येतं. राहू दे कॉम्प्युटर इथंच."

पोरांनी गलका केला. पण साहेब सरळ व्हायला गेले आणि "आई गं!" करून तिथंच अडकले. ड्रायव्हरनं धरून जीपमध्ये बसवलं.

दोन दिवस झाले, फोन उचलत नाहीत. लातूरला कुणी असाल तर त्यांच्या ऑफिसात जरा डोकावून या हो. खुर्चीतून नीट उठता येतंय का, तेवढं बघा आणि मला कळवा.