धाकटीचं काट्रिज

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको.

मामंजींचं प्रबंध छापून, बांधून द्यायचं दुकान. नवरा आणि दीर आपापल्या नोकऱ्यांत, त्यामुळे गेली अठरा वर्षं काउंटरच्या आत मी आणि मामंजी. प्रिंटरचं टोनर कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचे आणि ओरिजिनलशिवाय दुसऱ्या कशाला मी हात लावला नाही. मामंजी गिऱ्हाइकांना सांगायचे, "काळा रंग कसा उठायला हवा ते आमच्या मोठीला विचारा." हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग धाकटी आली आणि दोन वर्षांत तिने सगळ्यांना खिशात घातलं. तिचं हसणं गिऱ्हाइकांना आवडतं, तिचा चहा मामंजींना आवडतो आणि माझ्या पोटच्या मुलीला गणित फक्त काकूकडूनच समजतं. एवढं सगळं मी गिळलं. पण गेल्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "मामंजी, कम्पॅटिबल टोनर वापरून बघू या का? दुसऱ्या कंपनीचं असतं, पण आपल्या मशीनला बसतं. स्वस्त पडतं, आणि मागवलं की दुसऱ्या दिवशी दारात."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"त्याची पावडर उडते," मी म्हटलं. "अक्षरं बोटाला लागतात. मशीनची पार वाट लागते."

"सगळ्यांनीच नाही लागत, ताई," ती गोड आवाजात म्हणाली. गोड बोलणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

मामंजींनी तोडगा काढला. मशीन दोन, माझ्यात ओरिजिनल, तिच्यात कम्पॅटिबल, पंधरा दिवस बघायचं. जिची छपाई चांगली, तिने इथून पुढे दुकानाची खरेदी ठरवायची.

रोज मी तिच्या पानांत खोट शोधत होते. बोट घासून पाहिलं, थुंकी लावून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. काही निघेना. तेराव्या दिवशी मामंजींनी दोन्ही मशीनची पानं माझ्यापुढे ठेवली. "यातलं तुझं ओळख बघू." मी ठसक्यात एक उचललं. ते धाकटीचं निघालं. मामंजी हसले, ती हसली, म्हणून मलाही हसावं लागलं.

पंधराव्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी दुकानात गेले. टोनर भरलेल्या काट्रिजच्या पोटाशी एक हिरवा, गुळगुळीत रूळ असतो. त्याला ड्रम म्हणतात. त्याला उजेड सोसत नाही, म्हणून वर झडप असते. मी तिचं काट्रिज बाहेर काढलं, झडप उघडी राहावी म्हणून चिकटपट्टी लावली आणि खिडकीत तापलेल्या उन्हात ठेवून दिलं. अर्ध्या तासाने परत जागेवर बसवलं आणि केर काढायला घेतला. हात थरथरले वगैरे नाहीत, खोटं कशाला बोलू.

दहाच्या सुमाराला एक बाई प्रबंध छापायला आल्या. धाकटीने काम आपल्या मशीनला लावलं. पहिलंच पान मळकट आलं. राखाडी डाग, आणि डागांमधून सारख्या अंतरावर उभे पांढरे पट्टे. दुसरं तसंच, तिसरं तसंच. बाईंचा चेहरा उतरला. मला मात्र मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

"बघा!" मी म्हटलं. "सांगत नव्हते मी?"

पान नीट बघायचं म्हणून धाकटी खिडकीपाशी गेली. तिने ते खिडकीच्या गजांवर धरलं. एकेक पांढरा पट्टा एकेका गजावर बरोबर बसला. ऊन लागलं तिथे ड्रम बिघडला होता, गजांची सावली पडली तिथे वाचला होता. हे एवढं मला सुचलं नव्हतं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं गं?" मामंजींनी आतून येत विचारलं.

"काट्रिज खराब निघालं, मामंजी," ती म्हणाली. "चूक माझीच. ताईंचं ऐकायला हवं होतं." मग बाईंकडे वळून, "तुम्ही बसा, ताईंच्या मशीनवर लगेच काढून देते."

"म्हणजे मोठीचं खरं ठरलं," मामंजी म्हणाले. मी ताठ झाले. त्यांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "टोनर ओरिजिनलच आणायचं. पण खरेदी यापुढे धाकटी बघेल."

"का म्हणून?" माझा आवाज चढला. "आपलं ठरलं होतं, मामंजी!"

"ठरलं होतं. पण चुकलं की चुकलं म्हणणारं माणूस मला खरेदीवर हवंय. अठरा वर्षांत तुझ्या तोंडून एकदा तरी ऐकलंय का मी?"

त्यांनी तिच्या पाठीवर शाबासकीचा हात ठेवला. ती खाली मान घालून उभी राहिली, आणि मग तिने हळूच माझ्याकडे बघितलं. अजूनही खरं सांगून टाका ना, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

मी बाईंची पानं जुळवू लागले. कबूल करायला जन्मात एवढी मोठी चूक माझ्या हातून घडली होती, आणि तीसुद्धा धाकटीने पळवली.