सरांनी दिलेला महिना

डॉ. व्यंकट सरांनी अर्ज वाचला आणि टेबलावर आपटला.

"खव्याच्या भट्टीवर इंटर्नशिप? मोनिका, सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. केलीस ती चुलीपुढं बसायला?"

"एकच महिना, सर. ईट गावच्या बायकांचा खवा उन्हाळ्यात लवकर आंबतो. कारण शोधायचंय. आणि असलं काम मला आवडतं का, तेही बघायचंय."

"प्राध्यापकाची जागा निघेल तेव्हा अर्ज कर. तोवर प्रयोगशाळा सोडायची नाही!"

मोनिका खालमानेनं निघून गेली. धाराशिवच्या त्या महाविद्यालयात असे अर्ज नेहमी असेच परत जात.

काचेची भांडी पुसत असलेले हणमंतप्पा प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने मदतनीस. ते हळूच म्हणाले, "सर, रागावू नका. तुमच्या हाताखाली अकरा पोरं डॉक्टर झाली. सात जण अजून तासिकेवर शिकवत जागेची वाट बघत्यात. त्यांचं काय चुकलं न्हाय. दुसरी कामं कशी असत्यात, हे आपण त्यांना बघूच दिलं न्हाय."

सातही चेहरे सरांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांनी मोनिकाचा अर्ज पुन्हा पुढं ओढला, पेन उघडलं आणि सही केली.

महिना संपताना ते स्वतः ईटला गेले. भट्टीवरच्या दगडाबाई पदर सावरत पुढं आल्या.

"तुमीच व्हय हिचे सर? लई उपकार झाले! खवा बांधायचं फडकं आमी धुऊन ओलंच वापरायचो. हिनं ते उकळून उन्हात वाळवायला लावलं. आता खवा दोन दिवस जास्त टिकतोय."

मोनिका हसली. "आणि कढई कधी उतरवायची, ते उलथन्याच्या आवाजावरून ओळखायला मावशींनी मला शिकवलं! सर, प्राध्यापक व्हायचं की हेच काम करायचं, अजून ठरलं नाही. पण आता ठरवीन ते स्वतः करून बघून. तुम्ही पाठवलंत म्हणून."

सरांना भरून आलं. एका सहीचं काम, आणि आपण ते इतकी वर्षं अडवून धरलं होतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी हणमंतप्पांना हात जोडले. "अप्पा, तुम्ही बोललात म्हणून माझे डोळे उघडले."

"तुमी ऐकलंत, हेच लई झालं, सर."

त्या वर्षापासून सरांचा प्रत्येक विद्यार्थी महिनाभर बाहेर काम करून येतो.

वाचकहो, पदवी हातात देऊन आपलं काम संपत नाही. शिकलेल्या मुलांना जगातली कामं जवळून बघू द्या, स्वतःच्या हातांनी करू द्या. मग आपली वाट ती आपणच निवडतील!