रविवारची दहा मिनिटं

आचल निमलष्करी दलात भरती झाली, तेव्हा फॉर्मवर घरच्या फोन नंबराचा एक रकाना होता. नवरा प्रीतम शेजारीच उभा होता. त्यानं आपल्या वडिलांचा नंबर सांगितला. घरात बाप असताना आपला नंबर देणं बरं दिसत नाही, असं त्याला वाटलं. लग्नाला आठच महिने झालेली बायको दहा महिन्यांसाठी दूर जाते, हे मात्र त्याला बरं दिसलं होतं. अकोटच्या मैदानावर ती धावायची तेव्हा रोज पहाटे घड्याळ धरून तोच उभा असे.

प्रशिक्षण केंद्रात मोबाइल जमा. रविवारी चार वाजता दहा मिनिटं बोलायचं, तेही फॉर्मवरच्याच नंबरावर.

त्यामुळे फोन यायचा तो वडिलांच्या, भगवंतरावांच्या खिशात. ते तो स्पीकरवर टाकून अंगणातल्या खाटेवर ठेवत आणि बोलणं वयानुसार चाले. आधी ते स्वतः जेवणाखाण्याची चौकशी करत. मग प्रीतमची आई पार्बताबाई सुनेला झेंडूवर पडलेली अळी सविस्तर सांगत. मग शेजारच्या आशाबाई. त्यांचा या घराशी संबंध फक्त कुंपणाचा, पण दर रविवारी त्या विचारत, "बंदूक देल्ली काय वं तुले?" प्रीतमची पाळी येईतो चाळीसेक सेकंद उरत आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत.

"बरी हायेस?"

"हाव."

असे अकरा रविवार गेले. शेतात झेंडूची फुलं तोडताना तो तिच्याशी मनातल्या मनात तासतासभर बोले. तिची एक ओढणी दोरीवर राहिली होती. आई काढायला गेली की तो म्हणे, राहू दे, वाळली नाही अजून. एप्रिल चालू होता.

बाराव्या रविवारी बडनेऱ्याला मावसभावाचं लग्न निघालं. प्रीतमनं वडिलांना मोठ्या मानानं पहिल्या रांगेत बसवलं, डीजेच्या डब्याला अगदी खेटून. चारला फोन वाजला. भगवंतराव तीनदा हॅलो म्हणाले, कान बदलून पाहिला, आणि शेवटी वैतागून फोन मुलाच्या हातात दिला.

तो कार्यालयामागच्या पाण्याच्या टाकीपाशी पळाला.

आज गर्दी नाही वाटते, असं तिनं विचारलं.

"कोनी नाही. मीच हावो."

अकरा आठवडे साठवलेल्यातलं त्याला एक अक्षर आठवेना. तिच्या मागे रांगेत उभ्या मुलींची कुजबुज तेवढी ऐकू येत होती.

"माहं नाव घ्या ना," ती म्हणाली. "इथं मले एकशे सतरा म्हनतात. घरी तुमी 'अवं' म्हनता."

वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायची त्यांच्याकडे रीत नव्हती, आणि एकांतात कधी गरज पडली नव्हती. त्यानं आजूबाजूला पाहून घेतलं.

"आचल."

"अजून एकदा."

त्यानं घेतलं. मग तिनं न सांगताही घेत राहिला. ती प्रत्येक वेळी नुसतं 'हं' म्हणे. फोन कटल्यावरही त्यानं दोनदा घेतलं.

परत आला तेव्हा भगवंतरावांनी फोन हातात घेऊन बोलण्याची वेळ पाहिली. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

"काय म्हने सूनबाई?"

"बरी हाये म्हने."

"लय बरी दिसते मंग," भगवंतराव म्हणाले, आणि पोराच्या डोळ्यांकडे न पाहता त्यांनी फोन खिशात टाकला.