न दिलेली चिठ्ठी

माझी सून वर्षाली आंजीच्या शाळेत शिकवते. एका संध्याकाळी अंबाडीची भाजी निवडता निवडता ती मला मुलांना सांगायची गोष्ट सांगत होती. ग्रीक पुराणात एक बाई आहे. तिला एक बंद भांडं मिळालं, उघडू नको म्हणून बजावलं होतं. तिनं उघडलंच. रोगराई, भांडणं, दुःखं सगळी भुर्रकन बाहेर. घाबरून झाकण लावलं तेव्हा आत फक्त आशा उरली.

"भोचक बाई!" मी म्हणाले. "काय अडलं होतं तिचं?"

"तुमच्यासारखी बुद्धाची शीलं पाळत नसन, आई," वर्षाली हसली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती गोष्ट ऐकल्यापासून तिच्या कपाटावरचा बिस्किटांचा डबा माझ्या नजरेत यायला लागला. लग्न होऊन आली तेव्हाच ती म्हणाली होती, "त्याले राहू द्या आई, माझे जुने कागद हायेत." तीन वर्षं मी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसत आले.

पौर्णिमेला माझा उपोसथ असतो, दिवसभर अष्टशील, म्हणजे आठ शीलं पाळायची. आदल्या दिवशी मी घर झाडायला काढलं, आणि त्या डब्याचं झाकणही काढलं.

वर मार्कशीटा. खाली एक घडी घातलेली चिठ्ठी, माझ्या मुलाच्या नावानं. 'अश्वजित, मले इथं करमत नाही. आईंच्या उपोसथाच्या दिवशी तर हसायचीही चोरी. आपण बोरगाव मेघेला वेगळी खोली पाहू.'

अश्वजित घरी आला तशी मी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. "वाच. तुझ्या बायकोचा जीव घुसमटून राह्यला माझ्या घरात."

वर्षाली शाळेतून आली. तिनं कागद लांबूनच ओळखला.

"तारीख पाह्यली का आई? लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातली हाय. रागात लिवली, देली नाई. मंग राग गेला."

"मंग फाडली काऊन नाई?" मी विचारलं.

"विसरली होती मी."

अश्वजितला मात्र ते विसरता येईना. "तुले इतका त्रास होता, अन् मले एका शब्दानं सांगितलं नाई?" त्याच आठवड्यात तो बोरगाव मेघेला खोली ठरवून आला. ती नको म्हणाली, मी नको म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. वर्षाली माझ्याशी जपून बोलायला लागली. हो आई, नाही आई, एवढंच. जे दुःख तिनं केव्हाच जिरवलं होतं, ते मी घरभर केलं.

रोज पहाटे मी दुसरं शील म्हणते, न दिलेलं घेणार नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, ते पैशाअडक्याबद्दल, दागिन्याबद्दल आहे. ती चिठ्ठी तिनं नवऱ्यालासुद्धा दिली नव्हती. मी घेतली.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी तिला म्हणाले, "चुकलं माझं, बाई."

तिनं माझा हात धरला. "मले विचारलं असतं ना आई, तं मीच वाचून दाखवली असती. दोघी हसलो असतो."

मग अश्वजितनं हाक मारली, आणि ती गेली.