मौनाची मुदत

मसुदेबाईंनी पुन्हा ‘पाठवा’वर बोट दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरलं, अडखळलं आणि परत फिरत राहिलं. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं, वायर उपटली, पदराने पुसून परत खोचली, टेबलाखाली वाकून दिवे पाहिले. सगळे लाल. दुपारपासून इंटरनेटची लाइन गेली होती आणि पाचला मुदत संपत होती.

त्यांचं खरं नाव कचेरीत कुणी घेत नसे. परराष्ट्र खात्याचा प्रत्येक करार, प्रत्येक निषेध, परदेशी पुढाऱ्यांच्या मृत्यूवरचे शोकसंदेशसुद्धा त्यांच्याच हाताखालून जायचे, म्हणून त्या मसुदेबाई. आजचा मसुदा एका वाक्याचा होता: कलम सातमधल्या ‘काही काळ’ या शब्दांना आमच्या देशाची हरकत आहे.

करार जगभरच्या इंटरनेटच्या नियमांचा होता. पूर्वी अशा करारांवर माणसं समोरासमोर बसून भांडायची, जेवायला उठायची आणि जेवून आल्यावर नव्या जोमाने भांडायची. आता मसुदा संगणकावर टाकतात आणि मुदत देतात. मुदतीत कुणी हरकत पाठवली नाही, तर सगळ्यांना मान्य. खात्यात याला मौनाची मुदत म्हणत. एका देशाने जरी तोंड उघडलं तरी मसुदा परत चर्चेला जातो, पण तोंड उघडायचं तेही इंटरनेटवरच. ज्यांची लाइन बंद, त्यांचा होकार आपोआप. इतका साळसूद नियम करणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं.

कलम सात सांगत होतं, की ज्या देशातून इंटरनेटची तार जाते, त्याला ती सुरक्षेसाठी काही काळ बंद ठेवता येईल. मसुदेबाईंच्या देशात एकच तार येत होती, आणि ती शेजाऱ्यांच्या देशातून. काही काळ म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी लाइन अशीच काही काळ बंद ठेवली होती. त्याच आठवड्यात मसुदेबाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा गच्चीवरून पडला. भावजय जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स. तिच्याच इस्पितळात पोराच्या मेंदूचं चित्र काढलं, पण ते वाचणारा डॉक्टर परदेशात आणि चित्र पाठवायला लाइन नाही. शेवटी गाडीत घालून राजधानीकडे निघाले. वाटेतच सगळं संपलं. दिवसकार्य झाल्यावर भावजयीने एकदाच विचारलं होतं, “ताई, तुम्ही लोक तिथे बसून करता तरी काय?”

“पुढच्या वेळी मी बोलेन,” असं मसुदेबाईंनी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून त्या प्रत्येक मसुद्यात डोळ्यांत तेल घालून हेच कलम शोधत होत्या.

त्या सचिवसाहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब चष्मा पुसत होते.

“साहेब, लाइन अजून नाही.”

“येईल हो.”

“पाचच्या आत यायला हवी. काल हरकत पाठवली असती तर...”

“काल मी वाचत होतो ना, बाई. एका वाक्यालाही नीट वाचावं लागतं, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला.”

हरकतीचा कागद काल सकाळपासून त्यांच्याच टेबलावर होता आणि सही होऊन आला तो आज जेवणानंतर. मसुदेबाई अपमान गिळून बाहेर आल्या. परदेशी फोनही त्याच तारेवरून जायचे, म्हणजे तोही मार्ग बंद. अख्ख्या गल्लीत एकच इमारत अशी होती, जिच्या छपरावर उपग्रहाची तबकडी होती. शेजारी देशाची वकिलात. चोराच्याच घरी कुलूप मागायला जायचं होतं, पण अडला हरी म्हणतात ना. त्यांनी कागद पर्समध्ये घातला आणि रस्ता ओलांडला.

वकिलातीतले सल्लागार त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. प्रत्येक बैठकीत ते विरामचिन्हांवरून वाद घालायचे, म्हणून सगळ्या देशांचे लोक त्यांना मागे स्वल्पविराम म्हणत. माणूस मनाने सरळ होता. मसुदेबाईंचा चेहरा पाहून ते खुर्चीतून उठले.

“बसा, बसा. पाणी घ्या आधी.”

“पाणी नको. तुमची लाइन पाहिजे. पाच मिनिटं.”

“कशाला?”

“हरकत पाठवायचीय. कलम सात.” त्यांनी हात जोडले. “तुमच्याच कलमावर, माहीत आहे मला. तुमच्या पाया पडते, पण पाठवू द्या.”

स्वल्पविराम खाली बसले. टेबलावरचं पेन त्यांनी उगाच सरळ करून ठेवलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?”

“काय?”

“मला वाटलं, तुम्ही सगळे मिळूनच... अहो, लाइन आम्ही बंद केलीय, पण तुमच्या सचिवसाहेबांनी सांगितल्यावरून. सकाळी फोन आला त्यांचा. म्हणाले, आमचे लोक हरकत घ्या म्हणून मागे लागलेत. मुदत टळेपर्यंत बंद ठेवा, काही काळच. म्हणजे आम्हाला घरी सांगता येईल, की बोलायचं होतं हो, पण लाइनच नव्हती.”

मसुदेबाईंना क्षणभर शब्दच कळले नाहीत. मग कळले. कुंपणच शेत खात होतं, आणि त्या दुपारपासून कुंपणालाच शेताची काळजी सांगत बसल्या होत्या.

“का?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या हरकतीने आमची राजधानी चिडली असती. मागच्या वेळेसारखी चिडली असती, बाई. तुम्ही गप्प राहिलात तर पाच वाजता लाइन सुरू. बोललात तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. असं त्यांच्याकडून सहसा होत नसे. “तुमचे साहेब वाईट नाहीत. घाबरलेत.”

“आणि आज गप्प राहिलो, की पुढे कायमचंच. हव्या त्या दिवशी, हवं तितकं बंद. कायद्याने.”

“हो.”

भिंतीवरच्या घड्याळाकडे दोघांनीही पाहिलं. स्वल्पविराम उठले. त्यांनी आपलं यंत्र मसुदेबाईंच्या बाजूला वळवलं. पडद्यावर कराराचं पान उघडं होतं.

“मी चहाचं सांगून येतो,” ते म्हणाले. “आमच्याकडे चहाला वेळ लागतो.”

दार लागलं. मसुदेबाई खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या. पर्समधून कागद काढून त्यांनी मांडीवर पसरला, देशाचं नाव आणि आपली परवलीची खूण भरली, वाक्य टाइप केलं. वर्षभर मनात घोळलेलं वाक्य, टाइप करायला काहीच वेळ लागला नाही. खाली ‘पाठवा’ होतं. या वेळी चक्र फिरणार नव्हतं. बोट लागलं की जाणार होतं.

त्यांनी बोट उचललं, आणि जिल्ह्याचं इस्पितळ डोळ्यांसमोर आलं. तिथे आत्ता, या घटकेला, कुणाचं तरी पोर असेल. चित्र काढून झालं असेल आणि भावजय तशीच यंत्राशी उभी असेल. बोट दाबलं तर ती किती दिवस उभी राहील? आणि नाही दाबलं, तर पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी? त्यांनी हात मांडीवर ठेवला. परत उचलला. आपण रडतोय हे त्यांना कागदावर ओल दिसली तेव्हा कळलं. गेलेल्या पोराशी बोलावं तसं त्या पुटपुटल्या, “काय करू रे, सांग ना.” हात तिथेच, अक्षरांवर अधांतरी राहिला.

चहा आला तेव्हा पडद्यावर नवीन ओळ उमटली होती: मुदत संपली. एकही हरकत आली नाही. सर्व देशांचे आभार.

स्वल्पविरामांनी ती वाचली. मग कप मसुदेबाईंजवळ सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. त्या जिना उतरून रस्त्यावर आल्या. समोर खात्याच्या दारात कारकून मंडळी मोबाइल वर धरून एकमेकांना दाखवत होती. लाइन आली होती. वरच्या खिडकीत सचिवसाहेब उभे होते. मसुदेबाईंना पाहून ते आत वळले.

पर्समधला फोन वाजला. भावजय होती.

“ताई, लाइन आली!” ती धापा टाकत होती. “एका मुलीचं चित्र दुपारपासून अडकलं होतं. आत्ता गेलं. उत्तर पण आलं, ऑपरेशनला घेतायत तिला.”

“बरं झालं,” मसुदेबाई कशाबशा म्हणाल्या.

“मी सगळ्यांना इथे सांगत होते, आमच्या ताई आज बोलणार आहेत म्हणून.” पलीकडे ती थांबली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “बोललात ना, ताई?”

मसुदेबाईंनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. रस्त्याच्या मधोमध त्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या, आणि पलीकडे भावजय वाट पाहत होती.

“मला माहीत होतं, तुम्ही बोलणार,” ती शेवटी म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्याजवळ मोकळी होऊन रडू लागली.