डोक्यावर चुंबक, हातात लोटा

एकोडीच्या तलावाच्या पाळीवर रोग बरे करणाऱ्या एका महाराजांचा मंडप उभा राहिला आणि माझ्या शाळेतली हजेरी निम्म्यावर आली. धानाची मळणी आटोपली होती, लोकांना सवड होती, आणि चुंबक महाराजांना सवड असलेली माणसं फार आवडत. लाखनीहून, लाखांदूरहून एसटी भरून येत होत्या. कोणाचा हात थरथरे, कोणाचा पाय ओढला जाई. सगळे रांगेत बसत.

महाराज भगव्या लुंगीवर पांढरा कोट घालत. देव आणि डॉक्टर, दोघांचीही सोय. सोनेरी फडक्यात गुंडाळलेला एक वाटोळा काळा दगड ते बाहेर काढत आणि आधी त्याला मूठभर खिळे चिकटवून दाखवत. खिळे लटकले की बायका हात जोडत. हाच खेळ माझे विद्यार्थी दर वर्षी वर्गात करायचे, पण त्यांना कधी कोणी हात जोडले नव्हते.

"देखो, ये उत्तर ध्रुव का पत्थर है," महाराज माइकवर सांगत. "धरतीची शक्ती डोक्यात, डोक्यातून नसेत, नसेतून बोटात. डाक्टरच्या गोळीनं नस झोपते, पत्थरानं जागते. गोळी फेको, लोटा उठाओ."

मग रोग्याच्या डोक्यावर दगड ठेवायचा आणि त्याला समोरचा पाण्यानं भरलेला लोटा उचलायला सांगायचं. आणि खरंच, हात लोट्याकडे निघाला की थरथर थांबायची. पाणी सांडत नसे. हे मी स्वतः पाहिलं. ते कसं घडतं हे मला कळेना, आणि त्याचा मला फार राग आला.

माझे शेजारी मारोतराव यांना कंपवात होता. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर ते चालत-फिरत, टवाळकी करत. महाराजांचं ऐकून त्यांनी गोळ्यांची बाटली तलावात फेकली. थोड्याच दिवसांत त्यांचं अंग लाकडासारखं झालं. कूस बदलता येईना. बेबीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पेज भरवत तर ठसका लागून जीव घाबरा होई. महाराज म्हणाले, "जुनं विष निघून राहिलं." मी त्यांच्या मुलीला तार केली.

मुलगी चंद्रकांता. मोठ्या शहरात मेंदूवर संशोधन करणारी डॉक्टर. आली ती गोळ्या घेऊनच आली.

"बाबा, गोळ्या काहून फेकल्या?"

मारोतरावांचा चेहरा ताठला होता, हसू उमटत नव्हतं. ते पुटपुटले, "तूच तं सांगतलं होतं, पोरी. चुंबकानं बोट हालते म्हनून."

चंद्रकांता खाटेच्या कडेवर बसली. तिनं सांगितलं होतं हे खरं. तिच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरून त्यातून क्षणभर वीज सोडायची. त्यामुळे चुंबकाचा असा झटका उठतो की कवटीच्या आतला मेंदू चाळवतो आणि माणसाचं बोट आपोआप उडतं. कंपवाताच्या रोग्यात मेंदूचा निरोप हातापर्यंत कसा पोचतो, हे ती त्यावर तपासत होती.

"ते तपासाचं यंत्र हाय, बाबा. त्यानं कोनी बरं नाही झालं अजून."

"महाराज म्हनते, त्याचा पत्थर तुया यंत्राचा बाप हाय."

गोळ्या सुरू झाल्यावर अंग सैल पडलं, मारोतराव उठून बसू लागले. हाताची थरथर मात्र थोडी उरली. ती पाहून, आणि माझ्याकडून लोट्याचा खेळ ऐकून, चंद्रकांता म्हणाली, "गुरुजी, आता यांना मंडपात नेऊ."

तिला पाहून महाराज खुलले. माइकवर म्हणाले, "पाहा, चुंबकावर शिकलेली डाक्टरीण बापाले घेऊन माझ्या पायाशी आली."

"खरं हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "चुंबकानं बोट हालते." मंडपात कुजबुज झाली. "म्हनूनच पाहाले आली. महाराज, पत्थर ठेवा बाबांच्या डोक्यावर. लोटा मात्र बाजूला राहू द्या."

दगड ठेवला गेला. मारोतरावांचा हात मांडीवर होता, अंगठा आणि बोट जणू दाणे चोळत होते. थरथर काही थांबली नाही. महाराजांनी मंत्र म्हटला, दगड दाबला.

"लोटा उचलू दे त्याले," ते शेवटी म्हणाले.

"कायले? शक्ती पत्थरात हाय का लोट्यात?"

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. चंद्रकांतानं दगड बाजूला ठेवला आणि सोबत आलेल्या बेबीबाईंच्या पिशवीतलं जाडजूड वांगं काढून बापाच्या डोक्यावर धरलं. "बाबा, घ्या लोटा."

हात निघाला, थरथर थांबली, लोटा उचलला गेला. थेंबही सांडला नाही.

"वांग्यात शक्ती जास्त वाटते," मारोतराव म्हणाले, आणि मंडपच्या मंडप हसला. लाखांदूरची शकुबाई रांगेतून उठली, वांगं मागून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून लोटा उचलला. तिचाही हात थांबला. मग वांगं काढून तिनं पुन्हा लोटा उचलला. तरीही थांबला.

महाराज श्रद्धेबद्दल काही बोलू लागले, पण तोवर लोक वांगं एकमेकांकडे देत होते.

चंद्रकांतानं समजावलं. या रोगात हात निवांत असताना थरथरतो. माणूस काही धरायला गेला की बहुतेकांची थरथर त्या वेळेपुरती थांबते. हात मांडीवर आला की पुन्हा सुरू. महाराज एवढंच जाणून होते. नुसता ठेवलेला चुंबक मेंदूतलं काही हलवत नाही. नुकसान झालं ते गोळ्या फेकल्यानं, आणि त्या अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं.

शकुबाईनं विचारलं, "मंग बाई, तुया यंत्रानं मी कधी बरी होईन?"

"माहीत नाही, शकुबाई. अजून कोनालेच माहीत नाही. शोधून राहिलो. तोवर गोळ्या सोडू नका."

त्या मंडपात इतक्या दिवसांत 'माहीत नाही' असं कोणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. शकुबाईनं मान डोलावली आणि गोळ्या कुठं मिळतात ते विचारून घेतलं.

वाचकहो, चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका. त्यातली एकेक गोष्ट काढून पाहा, दुसरी ठेवून पाहा. आणि ज्याला सगळंच ठाऊक असतं, त्याच्या हाती आपलं डोकं देऊ नका.